करकऱ्याचं शटर

धुकं असं उतरलं होतं की रस्त्याच्या या कडेला उभं राहिलं तर पलीकडची दुकानं नुसती ऐकू यायची, दिसायची नाहीत. शटरभाऊ न्हाव्याच्या दुकानापुढे शिडीवर चढला होता. दातांत पेचकस, हातात ग्रीसचा डबा, आणि कान मात्र सगळ्या बाजारभर फिरत होते. कुठेतरी एक शटर घरंगळत वर गेलं. "बेकरी," तो पेचकसाच्या आडून पुटपुटला. दुसरं दोनदा अडखळलं. "चपलांचं दुकान. डावी खाच वाकलीय. सांगितलं तर म्हणे पुढच्या महिन्यात बघू." पांढऱ्या धुक्यात एकामागून एक शटरं उघडत होती, जसं एखादं थोरलं जनावर झोपेतून उठताना एकेक मणका मोकळा करतं.

त्याचं खरं नाव घरच्या कागदांवर होतं, बाजारात ते कुणाला ठाऊक नव्हतं. धंदा शिकला तो काकाच्या हाताखाली. काका म्हणायचा, "माणसाचं तोंड खोटं बोलेल, त्याचं शटर नाही बोलायचं." ते वाक्य शटरभाऊनं गाठीला बांधलं आणि त्याचं शास्त्रच करून टाकलं. ज्याचं शटर लोण्यासारखं सरकतं त्याचा माल चोख. जो शटरला दोन थेंब तेल घालत नाही तो गिऱ्हाइकाला काय डोंबल देणार? बायको त्याची फिरकी घ्यायची, "मग लग्नाआधी आमच्या घराचं दार ऐकलं होतंत का?"

"ऐकलं होतं की. बिजागरी कुरकुरत होती."

"ती बिजागरी नव्हती, माझी आई होती!"

ती आई आता त्यांच्याच घरी राहायची, आणि कुरकुर काही थांबली नव्हती. फक्त गेले काही दिवस घर गप्प होतं. चपलेतून वर आलेला खिळा म्हातारीच्या टाचेत गेला, तिनं कुणाला न सांगता चिंधी बांधून ठेवली, आणि कळलं तोवर जखम आतून हाडापर्यंत पोचली होती. तेव्हापासून ती इस्पितळातल्या खाटेवर आणि बायको शेजारच्या स्टुलावर.

खिशात फोन वाजला. शिडीवरूनच त्यानं कानाला लावला.

"अहो, आईला आज घरी सोडतायत," बायकोचा आवाज घाईत होता. "इंजेक्शनं आता बंद. शिराच सापडत नाहीत हातात. सकाळचं शेवटचं कसंबसं दिलं. आता गोळ्या. पण गोळीच मिळत नाहीये! इथल्या खिडकीवर संपलीय."

"मग बाहेरून आणू. त्यात काय?"

"त्यात काय म्हणे! साधी गोळी नाही ती. बाकीची सगळी औषधं ते जंतू पचवून बसलेत, ही एकच लागू पडते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रात्रीच्या आत पोटात गेलीच पाहिजे. खंड पडला तर पायाचं सांगता येत नाही."

शटरभाऊ शिडीवरून उतरला. शटर कमरेच्या उंचीवर लटकत होतं, स्प्रिंग जमिनीवर.

"अरे ए!" न्हावी खालून वाकून ओरडला. "असं लटकवून कुठे निघालास? गिऱ्हाईक काय रांगत येणार?"

"वाकून येईल. तुझ्यापुढे मान खाली घालतातच ना सगळे!"

इस्पितळात सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. त्याला बघून म्हणाल्या, "जावईबापू, उगाच धावपळ नको. एक पाय गेला तर चपलेचा खर्च निम्मा."

"चपला जोडीनंच विकतात, आई."

त्या हसल्या. पण हसताना त्यांचा हात चादरीवरून सरकला आणि दुखऱ्या पायावर जाऊन थांबला. झोपलेल्या लेकराला थोपटावं तसा. शटरभाऊनं डॉक्टरीणबाईंचा कागद घडी करून वरच्या खिशात ठेवला आणि बाहेर पडला.

धुकं विरळ व्हायच्या ऐवजी उजळत चाललं होतं. सगळं गाव दुधात बुडवल्यासारखं. पहिलं दुकान मोठं, काचेचं, आपोआप उघडणाऱ्या दाराचं. शटर कुठेच दिसेना, त्यामुळे त्याला तिथे उगाच अवघडल्यासारखं झालं. पापणी नसलेल्या डोळ्यापुढे उभं राहावं तसं. काउंटरवरच्या मुलीनं नाव टाइप केलं, पडद्याकडे बघितलं. "मागवून देते काका. परवा येईल."

"परवा नको गं बाई, आज."

मुलीला खरंच वाईट वाटलं. तिनं दोन शाखांना फोन करून बघितले आणि मान हलवली.

मग तो आपल्या खात्रीच्या दुकानांकडे वळला. चष्मेवाल्या औषधवाल्याचं शटर म्हणजे शटरभाऊच्या हातचा नमुना. एका बोटानं वर जायचं. चष्मेवाल्यानं त्याला आत बसवलं, चहा सांगितला, कागद वाचून चष्मा कपाळावर सारला.

"भाऊ, ही गोळी कोण ठेवतो? महिनोन्‌महिने कुणी विचारत नाही. महाग, वर तारीख उलटली की परत कुणी घेत नाही. पडून राहते आणि मग फेकावी लागते. मीही नाही ठेवत, खोटं कशाला बोलू?" चारपाच ठिकाणी फोन लावून झाल्यावर तो थोडा घुटमळला. "मागच्या गल्लीतल्या करकऱ्याकडे विचारलंस?"

"छ्या! तो कसला ठेवतोय?"

"विचारायला काय जातं?"

"ज्याला स्वतःच्या शटरचं दुखणं कळत नाही, तो दुसऱ्याच्या दुखण्याचं औषध ठेवील?"

चष्मेवाला गालात हसला. करकऱ्याचं आणि शटरभाऊचं काय बिनसलंय ते सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. करकऱ्या म्हणजे एक सुकलेला, म्हातारा औषधवाला. नाव त्याच्या शटरवरून पडलेलं. ते शटर उघडायचं तेव्हा लोखंडाला कुणी सोलतंय असं वाटायचं. शटरभाऊ एकदा आपण होऊन गेला होता, पैसेसुद्धा नको म्हणाला होता. करकऱ्यानं मान वरही न करता सांगितलं, "राहू दे तसंच." नुसतं एवढंच. शटरभाऊच्या ते असं जिव्हारी लागलं की तेव्हापासून त्यानं त्या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. आजही सकाळी इस्पितळाकडून येताना गल्लीच्या तोंडाशी पावलं जरा मंदावली होती. त्यानं ती पुढे ढकलली.

मग तो चालतच राहिला. ज्याच्या शटरची स्प्रिंग बदलली होती त्याच्याकडे नव्हती. ज्याला नवं कुलूप बसवून दिलं होतं त्याच्याकडेही नव्हती. एकानं दुसरीच गोळी पुढे केली, "हिच्यासारखीच आहे." शटरभाऊनं इस्पितळात फोन लावून विचारलं, तर डॉक्टरीणबाईंनी साफ नाही म्हटलं. चालता चालता पाय आपले नाहीत असं वाटायला लागलं. माणसं धुक्यातून यायची, जवळ आली की चेहरा मिळायचा, पुढे गेली की पुसला जायचा. दुपार झाली, आणि जेवणासाठी एकेक शटर अर्ध्यावर यायला लागलं. सगळा बाजार पेंगुळलेल्या माणसासारखा अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत होता.

एका बंद दुकानाच्या पायरीवर तो टेकला. जरा पाठ टेकवू म्हणाला आणि डोळा लागला.

स्वप्नात काका पुढे चालत होता. हातात तेलाचा डबा, खांद्यावर चिंधी. काका एकेक शटर बोटानं वर करायचा आणि म्हणायचा, "बघ, कसं सरकतं!" आत नुसत्या रिकाम्या फळ्या. पुढचं शटर, पुन्हा रिकाम्या फळ्या. शेवटच्या शटरमागे सासूबाई बसल्या होत्या, दोन्ही पाय पाण्यात सोडून, लहान मुलीसारखे हलवत. "जावईबापू," त्या म्हणाल्या, आणि तेवढ्यात शटर खाली यायला लागलं. इतकं गुळगुळीत, इतकं बिनआवाजी की ते कधी मिटलं ते त्याला कळलंच नाही. तो कान लावून उभा राहिला. पलीकडून काहीही ऐकू येईना. आयुष्यात पहिल्यांदा त्याला चांगल्या शटरची भीती वाटली.

कर्रर्र.

तो दचकून जागा झाला. मागच्या गल्लीतून आवाज आला होता. जेवण उरकून करकऱ्या दुकान उघडत होता. कर्रर्र, मग थांबून पुन्हा एकदा, लांब. शटरभाऊ पायरीवर बसून राहिला. शास्त्र म्हणत होतं, जाऊ नकोस. डोळ्यांपुढे मात्र पाण्यात हलणारे ते दोन पाय होते.

"खड्ड्यात गेलं शास्त्र," तो म्हणाला आणि उठला.

गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना जुनी उंच घरं. धुक्यात तिला वरचा शेवट नव्हता. आणि त्या न दिसणाऱ्या उंचीवरून एक टोपली खाली आली. दोरीला बांधलेली, हळूहळू गिरक्या घेत. मग पलीकडून दुसरी आली. वर कुठेतरी खिडकी उघडली आणि कुणा म्हातारीचा आवाज आला, "उघडलं गं, आवाज झाला!" कुणी आत खोकलं. तिसरी टोपली शटरभाऊच्या टोपीला घासून गेली. त्याला वाटलं, आपण अजून पायरीवरच झोपलोय.

करकऱ्या टोपल्यांतल्या चिठ्ठ्या काढत होता. त्यानं मान वर केली. "तेल घेऊन आलास की काय?"

"नाही." शटरभाऊनं कागद पुढे केला.

म्हाताऱ्यानं तो खिडकीच्या उजेडात धरून पुन्हा पुन्हा वाचला. "कोणाला?"

"सासूला. पायाला."

"दुसरी कुठली औषधं चालू? झोपेची, मनाच्या आजाराची?"

"मनाचा आजार तिला नाही, ती दुसऱ्यांना देते."

करकऱ्या हसला नाही, पण ओठ हलले. त्यानं कपाटाच्या वरच्या फळीवर हात घातला आणि एक पाकीट काढून काउंटरवर ठेवलं. साधं पांढरं पाकीट. शटरभाऊनं त्याला हातच लावला नाही. लावला आणि ते धुक्यासारखं विरलं तर?

"घे की. तारीख बघ, अजून पुष्कळ आहे. पुढची पाकिटं मागवून ठेवतो. आणि रक्त तपासायला सांगितलं असेल, ते चुकवू नको."

"तुम्ही कशी काय ठेवता ही? चष्मेवाला म्हणाला, तोट्याची गोळी."

"वरच्या मजल्यावर एक मास्तर राहायचे. त्यांना लागली होती. त्यांची बायको दिवसभर गावभर फिरली, आणि इथे आली तेव्हा मीही नाही म्हणालो." करकऱ्या एका टोपलीत खोकल्याची बाटली ठेवत होता. "तेव्हापासून एक पाकीट ठेवतो. तारीख उलटली की फेकतो, दुसरं आणतो."

"आणि मास्तर?"

"त्यांची टोपली आता येत नाही."

त्यानं दोरीला झटका दिला. टोपली वर निघाली आणि धुक्यात शिरली. शटरभाऊ बघत राहिला. मग त्याची नजर शटरवर गेली, आणि इतक्या वर्षांचं कोडं न विचारताच सुटलं. तरी त्यानं विचारलंच, "म्हणून तेल नको म्हणालात?"

"अरे, ही सगळी गल्ली अंथरुणात पडलेल्यांची. कुणाला दिसत नाही, कुणाला जिना उतरता येत नाही. त्यांना कसं कळणार मी आलोय ते? तुझ्या तेलानं माझं दुकान मुकं झालं असतं."

"एवढं तेव्हा सांगायचं की!"

"तू ऐकून घ्यायला थांबलास कुठे? पाय आपटत गेलास."

शटरभाऊनं डोकं खाजवलं. पैसे दिले, पाकीट आतल्या खिशात ठेवलं. जाता जाता सवयीनं खाचेवर बोट फिरवलं. "उजवा नट ढिला झालाय. कधीतरी डोक्यात येईल. येऊन घट्ट करून देतो, आवाजाला हात लावणार नाही."

"आवाज गेला तर पैसे मिळायचे नाहीत."

संध्याकाळी सासूबाई आपल्या खाटेवर होत्या, घरी. बायकोनं गोळी तळहातावर ठेवली. त्यांनी ती उलटीपालटी करून बघितली. "एवढी मोठी? ही गोळी आहे की तुमच्या शटरची पट्टी, जावईबापू?"

"गिळा आई, तेल लावून आणलीय."

त्यांनी गिळली, वर पेलाभर पाणी प्याल्या, आणि पाणी कोमट आहे म्हणून लेकीवर कुरकुरल्या. शटरभाऊ दाराशी उभा राहून ती कुरकुर सगळी ऐकेपर्यंत थांबला. मग चप्पल घातली.

न्हाव्याचं शटर सकाळी होतं तिथेच लटकत होतं. खालून दिव्याचा उजेड रस्त्यावर सांडला होता, आणि अर्ध्या दाढीला साबण लावलेलं एक गिऱ्हाईक वाकून बाहेर डोकावत होतं.

"आलास?" न्हावी आतून गरजला. "दिवसभर माणसं बदकासारखी चालत आली माझ्याकडे! सासू कशी आहे?"

"कुरकुरतेय."

"मग बरी आहे म्हणायची. आता हे असं करून दे की आवाज येता कामा नये."

शटरभाऊनं शिडी टेकवली, जमिनीवरची स्प्रिंग उचलली आणि चिंधीनं तिच्यावरचं दिवसभराचं दव पुसायला घेतलं.