पत्रावरचा डबा

साहेबांच्या सेक्रेटरी सुमनताईंनी आजही साहेबांचं पत्र टाइप केलं आणि त्यावर आपला जेवणाचा डबा ठेवून दिला. आमच्या संस्थेतली ही जुनी रीत. साहेब संतापून मजकूर सांगतात, सुमनताई एक शब्दही न बदलता उतरवून घेतात आणि जेवणाची सुट्टी संपेपर्यंत पत्र डब्याखाली राहतं. मग त्या विचारतात, "साहेब, हे पाठवायचं ना?" साहेब बहुतेक वेळा पुटपुटतात, "राहू द्या."

कॉम्प्युटर ऑपरेटर नितीनही कामाला वाघ आहे. साहेबांचं बोलणं संपतं न संपतं तोच त्याचं पत्र गेलेलं असतं. दुसऱ्या दिवशी माफीचं पत्रही तो तितक्याच झपाट्यानं पाठवतो.

आता हेडक्लार्क म्हणून मला मुख्य कार्यालयाचं फर्मान आलंय, दोघांच्या कामाची तुलना करून कळवा. कुणी किती पत्रं पाठवली, किती वेळात पाठवली. म्हणजे माफीची पत्रं धरून नितीन कितीतरी पुढे! आणि पत्र न गेल्यामुळे जी माणसं तुटली नाहीत, ती मी कुठल्या रकान्यात भरू? अरे, काम मोजताय की टपाल?

डोकंच फिरलं माझं. तिरीमिरीत मुख्य कार्यालयाला चार खरमरीत ओळी लिहिल्या आणि कागद सुमनताईंपुढे आपटला. "आत्ताच्या आत्ता पाठवा!"

त्यांनी ते टाइप केलं, कागद नीट सरळ केला आणि त्यावर डबा ठेवला.

"भाऊसाहेब, आधी जेवून घ्या."