मी दाखवलेला शब्द

हे आजवर माझ्या तोंडून निघालं नाही. आईला फोनवर सगळं सांगते, काय खाल्लं, झोप लागते का, पण हे नाही. तुम्ही अनोळखी, म्हणून जमतंय बहुतेक.

परभणीकडून कबनूरला आले तेव्हा आठवीतच शाळा सुटलेली, आणि इथं ओळखीचं कुणी नव्हतं. कापडाच्या मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला लागले. तिथं यंत्रांचा आवाज असा, की शेजारणीचं बोलणं कानावर येतच नाही. बायका ओठ बघून ओळखतात. मला ते हसीनाभाभीनं शिकवलं. "सगळंच कुठं दिसतंय गं? मागचं-म्होरचं बघायचं, मधलं आपसूक कळतंय की." माझा डबा नसायचा, तर तिनं आपला अर्धा केला. मी मागितलंही नव्हतं. अशा माणसाशी कुणी —

थांबा, नीट सांगते.

बाहेरून दहावीला बसवणारा रविवारचा वर्ग निघाला. दोघींनी नावं दिली. जागा एकच उरलेली, म्हणून बाईंनी वाचनाची परीक्षा घेतली. उताऱ्यात गाळलेल्या जागा, खाली शब्द. अर्थ बघून योग्य तो निवडायचा. "कुणालाबी मिळू दे, डबा तर एकच हाय," भाभी म्हणाली.

सतरंजीवर समोरासमोर बसलो होतो. 'लेक सासरी गेल्यावर घर —— वाटू लागलं. आईला जेवण जाईना.' भाभीनं 'सुनं' लिहिलं होतं, मला दिसत होतं. तरी तिनं मान वर केली, ओठांनीच विचारलं, बरोबर हाय न्हवं?

मी ओठ हलवले — 'मोठं'.

'मोठं' म्हणताना ओठ मिटतात, 'सुनं'ला मिटत नाहीत. चुकून घडण्यासारखं त्यात काय होतं? तिनं आपलं बरोबर उत्तर खोडलं. पुढचंही विचारलं. मी पुढचंही खोटंच दाखवलं.

जागेसाठी केलं, असं बरेच दिवस स्वतःला सांगितलं. पण खरं तेवढंच नव्हतं. तिनं मला इतकं दिलं होतं, की एका तरी बाबतीत ती माझ्या मागं राहावी असं वाटलं. उपकाराचा राग येतो का कुणाला? मला आला.

जागा मला मिळाली. दहावी झाले. ती त्या वर्गाकडे पुन्हा फिरकली नाही. "कारखान्यात एवढ्या गोंगाटात चुकत न्हाय आणि तिथं शांततेत तुझे ओठ वाचायला चुकले बघ," म्हणून हसली. "माझीच नजर गेली गं."

ते तिनं खरंच धरलंय. आता मी काही बोलले, की ती आपलं यंत्र थांबवून उठते, जवळ येते, कान माझ्या तोंडाशी आणते. "आता सांग."

मी सांगते — सूत संपलंय, जेवायला चल.