दाल बाजारातली घोडी

कान्होजी खराड्याच्या आजानं तात्यासाहेबांच्या पागेत घोडी फिरवली. बापानं घोड्यांचा खरारा करता करता पहिली मोटार धुतली. कान्होजीला मिसरूड फुटेपर्यंत घोडी गेली आणि पागेचं गॅरेज झालं. राहायची खोली मात्र तीच. पूर्वी जिथं चंदीची पोती रचायचे, तिथं कान्होजी आणि त्याची बायको दुर्गा यांचा संसार. लष्कर शहरातल्या सरदारांत तात्यासाहेब काही पहिल्या मानाचे नव्हते, पण मोटारींच्या बाबतीत त्यांच्या फाटकाशी बरोबरी करणारे थोडे.

गाड्या दोन. दोन्ही चार दारांच्या, दोन्ही तालेवार. काळी अमेरिकन, हिरवी विलायती. काळीला कान्होजी हत्तीण म्हणायचा, हिरवीला घोडी.

हत्तीणीचं इंजिन आठ सिलिंडरचं. पाय दाबला की आधी एक दम घेणार आणि मग असं रेटणार की मागं बसणाऱ्याची पाठ गादीत रुतावी. गिअरची भानगडच नाही, ते ती आपली आपणच बदलायची. आग्र्याच्या सरळ रस्त्यावर तिच्यासारखी तीच. सत्तर मैलांनी सोडली तरी आत पानाचा डबा हलायचा नाही. पण वळण आलं की म्हशीनं चिखलात कूस बदलावी तशी कलंडायची. चाक फिरवून झालं तरी नाक अजून इचारच करतंय. उताराला दोन-चारदा ब्रेक दाबला की ब्रेक तापून बोथट व्हायचे.

घोडी सहा सिलिंडरची, बुटकी, लांब नाकाची. ताशी शंभर मैलांना पोचलेली. तिला क्लच जड, गिअर हातानं टाकायचा, आणि थंडीत पहिल्या-दुसऱ्या गिअरचं नवरा-बायकोसारखं वाकडं. नवख्यानं हात लावला तर दोन हिसके देऊन बंद. पण ज्याचा हात तिच्यावर बसला, त्याला ती खिल्लारी खोंडासारखी. कासरा नुसता दाखवायचा. बोट हललं की गाडी वळली.

तात्यासाहेबांची कसोटी वेगळीच होती. गाडीत बसताना त्यांच्या डोक्यावर शिंदेशाही पगडी. पगडीची कोर टपाला घासली की ती गाडी नापास, मग तिच्या पोटात अख्खी पलटण का असेना. घोडीचा टप बुटका, पगडीत आणि टपात बोटभर जागा. एवढ्या बोटभरात कान्होजीनं उमेदीची वर्षं काढली.

पुढं संस्थान मध्यभारतात गेलं आणि मागोमाग जहागीरही गेली. तात्यासाहेबांचं फिरणं दसरा आणि दोन-चार लग्नं यांवर आलं. गाड्या चादरी पांघरून उभ्या आणि कान्होजी त्यांच्या भोवती फडकं घेऊन. सकाळी हत्तीण पुसायची, दुपारी घोडी, संध्याकाळी फाटकापर्यंत जाऊन परत यायचं. घाण्याचा बैल निदान तेल तरी काढतो.

छप्पन साली मध्यभारतच नव्या मध्यप्रदेशात विरघळायला निघालं. दफ्तरं भोपाळला चालली. जुन्या गोरखी वाड्याजवळ राहणारा कारकून श्रीपाद गर्दे रोज चौकात भेटायचा. एक दिवस त्यानं कान्होजीला थांबवलं.

"कान्होजीराव, आम्ही भोपाळला जाऊन राहिलोय, सामान बांधणं चाललंय. तिथं साहेबांना गाड्या मिळाल्या, ड्रायव्हर मिळत नाहीत. आमच्या साहेबांच्या कानावर तुमचं नाव घातलंय. नवं राज्य सुरू व्हायच्या आत हजर व्हा. सरकारी खोली, म्हातारपणी पेन्शन."

"आणि इथलं?"

"इथलं काय? दोन गाड्यांची धूळ पुसून राहिलात. तुमच्यावर बसेल ती कोण पुसणार?"

ही गोष्ट दुर्गाला सांगितली तेव्हा ती भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"मग निघा ना. या खोलीची कडी आतून आहे का बाहेरून, तेच मला इतक्या वर्षांत समजलं नाही."

निघायला पाय होते, पण तसं निघता येत नव्हतं. खराड्यांच्या घरची रीत अशी की धन्याच्या हातचा निरोपाचा विडा घेतल्याबिगर चाकरी सोडायची नाही. विडा न घेता गेला तो पळाला. कान्होजीचा एक चुलता असाच इंदूरला गेला. चांगला दोन माड्या बांधून होता, पण घरात त्याचं नाव निघालं की बाया पदर सावरून दुसरं बोलायला लागायच्या. आणि या रीतीला एक शेपूट होतं. विडा एकदा तोंडात गेला की बोलणं संपलं. त्यावर धनी सांगेल ते खरं.

कान्होजीनं हिय्या करून तात्यासाहेबांकडं विषय काढला. तात्यासाहेबांनी अडकित्त्यानं सुपारी कातरली.

"एक गाडी काढायची आहे, कान्होजी. दोघींना पाजायला पेट्रोल कुठलं? दाल बाजारचे गोकुलचंद शेठ देऊ ती घ्यायला तयार आहेत. कोणती ठेवायची ते ठरू दे. मग तुझं पाहू."

त्या रात्री कान्होजीनं हिशेब मांडला. घोडी राहिली तर आपण मेलो, कारण तिला दुसरा कुणी हाकणारा नाही. हत्तीण राहिली तर आपण सुटलो. ती तात्यासाहेबांचे चिरंजीव दिनकररावही चालवतील, आणि दिनकरराव तर स्टिअरिंग सुद्धा काठीसारखं धरायचे. म्हणजे घोडीला नापास करायचं. अवघड काय आहे? क्लच सोडताना दोन हिसके, वळणावर एक ब्रेक. पगडी टपाला लागली की झालं.

दुसऱ्या दिवशी शिवपुरीच्या रस्त्याला परीक्षा ठरली. मागं पगडीसकट तात्यासाहेब, त्यांच्या शेजारी गोकुलचंद शेठ, पुढं दिनकरराव. पहिली घोडी काढली.

गाव सुटलं, रस्ता मोकळा झाला, आणि कान्होजीनं मनात ठरवलेला पहिला हिसका द्यायला क्लचवरचा पाय उचलला. पाय लोण्यावरनं उतरावा तसा उतरला. दुसऱ्यांदा ठरवलं, तेव्हाही तेच. हाताला शिकवलेलं हात विसरायला तयार नाही. घाटाच्या अलीकडं एक दगडी पूल आहे आणि त्याला लागूनच आंधळं वळण. वळणावर कडब्यानं लादलेली गाडी आडवी. शेठजींनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. कान्होजीनं तिसरा गिअर टाकला, घोडी रस्त्याला पोट टेकवून कडब्याच्या कडेनं निघून गेली. एक काडी आरशाला लागली तेवढीच. पगडी जिथल्या तिथं.

मग घरी येऊन हत्तीण घेतली. तोच रस्ता, तेच वळण, आता मोकळं. तरी शेठजी सरकत सरकत तात्यासाहेबांच्या मांडीवर यायचे तेवढे राहिले. पगडी काचेवर आपटली. उतार संपला तेव्हा ब्रेकचा जळका वास आत येत होता.

फाटकात उतरून सगळे उभे राहिले. गाड्यांचं आपापलं सांगून झालं होतं. तरी तात्यासाहेबांनी विचारलं, "बोल. तुझं काय म्हणणं?"

"सरकार, हत्तीण ठेवा."

दिनकरराव हसले. "अरे, ती तर वळणावर लोळून राहिली होती."

"वळणं कितीशी लागतात लष्करात, धाकले सरकार? हत्तीण कुणाच्याही हातात चालते. उद्या मी नसलो तरी तुम्ही न्याल. घोडी गुणाची आहे, पण माझ्याबिगर ती कुणाचं ऐकायची नाही."

यात खोटं काहीच नव्हतं. उलट इतकं खरं होतं की तात्यासाहेबांनी मान हलवली आणि हत्तीण ठेवायचं नक्की केलं. गोकुलचंद शेठांनी घोडीभोवती एक चक्कर मारली, मग कान्होजीकडं पाहिलं, आणि तात्यासाहेबांच्या मागोमाग बैठकीत गेले.

थोड्या वेळानं आतून बोलावणं आलं. तबक पुढं ठेवलेलं. तात्यासाहेबांनी विडा उचलून हात पुढं केला. "घे कान्होजी."

ज्याची वाट पाहत होता तो विडा समोर आला. पोरानं सणाची पुरी उचलावी तसा कान्होजीनं तो उचलला आणि तोंडात टाकला. माणूस आधी ऐकतो आणि मग खातो. यानं आधी खाल्लं.

"शेठ म्हणतात, गाडी घेतो ती कान्होजीसकट. बरोबरच आहे, तूच म्हणालास तुझ्याशिवाय ती चालायची नाही. मी शब्द दिलाय. आजपासून तू त्यांच्याकडं. घराण्याचं नाव राख."

कान्होजीच्या तोंडात कात, चुना, लवंग आणि अख्खं भोपाळ. गिळताही येईना, थुंकताही येईना. गोकुलचंद शेठ गोड हसले. "घबराओ मत भैया, हमारे यहाँ कोई तकलीफ नहीं होगी."

दुर्गा विहिरीपाशी होती. तिनं नवऱ्याचे लाल ओठ पाहिले आणि घागर खाली ठेवली.

"मिळाला निरोप?"

"मिळाला."

"मग सामान बांधू?"

"बांध. दाल बाजारात जायचंय."

तिला समजायला वेळ लागला नाही. "विडा घेतलात ना? मग चला सरळ भोपाळला. कोण अडवतंय?"

"सरकारनं शब्द दिलाय."

"तोंड तुमचं, शब्द त्यांचा. छान आहे."

श्रीपाद गर्दे भोपाळला गेला. साहेबांनी दुसरा ड्रायव्हर ठेवल्याचं त्यानं कुणाकरवी तरी कळवलं. कान्होजीनं ऐकून घेतलं आणि घोडीला किल्ली लावली.

दाल बाजारात घोडीची काय दशा झाली ती ज्यानं पाहिली त्यालाच ठाऊक. पुढं तुरीच्या पोत्यांचा ठेला, मागं हरभऱ्याचा, मधे हमाल, त्यांच्या मधे गाय. शंभर मैल पळणारं जनावर दिवसभर पहिल्या-दुसऱ्या गिअरात खोकत चालायचं. शेठजींचं घर ते दुकान, दुकान ते घर. पायी माणूस लवकर पोचायचा. लग्नसराईत शेठजींच्या नात्यागोत्यातले नवरदेव घोडीत बसवायचे. पुढं बँडवाले नाचताहेत आणि त्यांच्या टाचांवर गाडी. क्लच जळायचा, कान्होजीची पोटरी भरून यायची. दुसरा गिअर संपून तिसरा लागतो तिथवर ती दोघं वर्षानुवर्षं गेली नाहीत.

तात्यासाहेबांची हत्तीण कुणाच्याही हातात चालायची म्हणून सगळ्यांनीच चालवली. शेवटी ती विटांवर चढली आणि तिच्या टपावर कोंबड्या बसू लागल्या.

घोडीचे सुटे भाग मिळेनात तसे शेठजींनी तिचं कातडं भंगारात घातलं आणि इंजिन ठेवून घेतलं. दुकानामागं डाळीची गिरणी होती, विजेचा भरवसा नाही. इंजिन सिमेंटच्या ओट्यावर बोल्टांनी आवळलं, त्याला पट्टा जोडला. पेट्रोलवर सुरू करायचं, तापलं की रॉकेलवर न्यायचं, आणि तो मधला क्षण हुकला की ते बसलं रुसून. तो क्षण कान्होजीलाच सापडायचा. म्हणून शेठजींनी त्याला ओट्याशेजारी स्टूल दिलं.

डाळीच्या भुशानं भुवया पांढऱ्या झालेल्या, पुढं रस्ता नाही, वळण नाही, आणि कान्होजी बसल्या बसल्या इंजिनाच्या आवाजावर कान लावून. दुर्गा दुपारी डबा आणायची. या गोंगाटात तिला ओरडून बोलावं लागायचं.

"बंद करा की जरा, जेवेपर्यंत."

"बंद केलं तर परत चालू व्हायला तास जातो."

"मग कुणाला तरी शिकवा. एक माणूस तयार करा आणि सुटा यातून. अजून किती दिवस?"

कान्होजीनं भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर उडालेला भुसा फुंकला.

"शिकवले की तीन जण, गाडी होती तेव्हापासून."

"मग कुठायत?"

"भोपाळला. सरकारी गाडीवर."