भेगेवरचं सारवण

शाळेची घंटा मी वाजवायची, पण शाळा भरायची ती ठकूबाईंच्या परवानगीनं. अकोले तालुक्यातल्या त्या डोंगरावरच्या गावात मी बदलून आले, तर पहिल्याच सकाळी शाळेमागच्या कड्याच्या कपारीत एक म्हातारी शेणामातीनं कातळ सारवत बसलेली. कातळ कोण सारवतं हो? विचारलं, तर हात न थांबवता म्हणाली, "ही भेग हाय, बाई. कडा हलला तर सारवण फुटतं. आज न्हाई फुटलं. भरवा शाळा."

मी नगरची, सपाटीवर वाढलेली. ही बदलीच रडत घेतलेली, आणि वर हे!

गावाचा इतिहास कुठं लिहिलेला नव्हता. ठकूबाईंना तो सासूनं तोंडी दिलेला. शाळा सुटली की त्या मला वरच्या माळावर न्यायच्या आणि गवतात बुडालेली घरांची जोती दाखवायच्या. लुटारूंच्या भयानं माणसं खालून चढून आली ती आधी तिथं, पार कड्याला चिकटून राहिली. "भ्याली म्हून वर आली," त्या सांगायच्या, "आन भ्यायचं इसरली, तिथं घात झाला. झऱ्याचं पानी गढूळ झालं, तर म्हनली पावसानं झालं आसंल. दुसऱ्या दिशी कडा बसला. पाच घरं गेली. उरल्यालं गाव मंग हितं सरकलं."

मी भेगेबद्दल तालुक्याच्या कचेरीला दोनदा कळवलं. 'पावसाळ्यानंतर पाहणी करू,' असं उत्तर आलं. पावसाळे येत गेले.

एका आषाढात सारवण फुटलं, केसाएवढं. ठकूबाई शाळेच्या दारात वाट अडवून उभ्या राहिल्या. "येक पोर आत जायचं न्हाई!" तीन दिवस वर्ग देवळात भरला. कडा काही पडला नाही. तरणी माणसं खो खो हसली, आणि मीही वैतागून म्हणाले, "आजी, उगाच घाबरवलंत सगळ्यांना!" त्या माझ्याकडे वळल्या. "कडा पडला न्हाई म्हून रुसलाय व्हय, बाई? लई बरं झालं म्हना की!" मला मान वर करवेना.

गेल्या थंडीत तापाचं निमित्त होऊन ठकूबाई गेल्या. दोन दिवसांनी मी शाळा उघडली, घंटा दिली. पोरं पटांगणातच उभी, आत कुणी येईना. दुसरीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, भेग कुनी बघितली?"

तेव्हापासून सारवण माझ्याकडे आहे. रोज कपारीकडे जाताना छाती धडधडते, अजूनही.

नगरला बदली मंजूर झाल्याचं पत्र परवा आलं. त्यासाठी किती नवस बोलले होते मी! पण माझ्या जागी येणाऱ्या बाई अजून आल्या नाहीत, आणि आल्या तरी शेणात हात घालतील का, कोण जाणे. पत्र कपाटात ठेवलंय.

आज सारवण फुटलं नव्हतं. शाळा भरवली.