खाडीत कापलेली गाठ

आमच्या घराण्यात एक रीत होती. मुलीचं लग्न ठरलं की आईबापांनी आधी समुद्रकाठच्या कुलदेवीची ओटी भरून यायची, आणि तीही गाठ बांधून. म्हणजे असं की खाडीच्या अलीकडच्या काठावर बायकोच्या पदराला नवऱ्याचं उपरणं बांधायचं, तसंच होडीत बसायचं, आणि पलीकडे बेटावर देवीपुढेच ती गाठ सोडायची. मध्येच सुटली तर लेकीचा संसार सुटतो म्हणे. आम्ही बेंगळूरची माणसं, पिढ्यान्‌पिढ्या चिक्कपेटेत कापडाचं दुकान. पाणी म्हणजे आम्हाला नळाचं, तेही दिवसाआड. ज्यानं ही रीत काढली त्याला पोहता येत असणार, एवढं नक्की.

नव्वदच्या दशकात आमच्या थोरलीचं ठरलं. दसरा नुकताच झाला होता. आम्ही दोघं बसनं समुद्रकाठी गेलो. आणि एक सांगूनच टाकते, आता लपवून काय करायचंय: आमच्या ह्यांचा हात लवकर उठायचा. दुकानात गिऱ्हाइकाशी लोण्यासारखे, जिना चढून वर घरात आले की वेगळेच. तीस वर्षं मी ते गिळलं होतं.

होडीवाला अण्णा आमच्याहून म्हातारा होता. लांब बांबू चिखलात रोवून होडी ढकलायचा. आकाशाकडे बघून म्हणाला, "यजमान, स्वल्प थांबा. ओहोटी लागलीय. आता गेलो तर मधला भाग उघडा पडेल, मग समुद्राच्या तोंडाजवळून जावं लागेल. आणि वारा काही सरी, म्हणजे बरा, दिसत नाही."

"बाराच्या आत मुहूर्त आहे," हे म्हणाले. "तुझी ओहोटी पंचांगात लिहिलेली नाही."

"पंचांग होडी ढकलत नाही, यजमान."

"ढकल म्हणतो ना!"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली घातली. चूक झाली माझी, पण बोलायची सवयच नव्हती.

अर्ध्या वाटेपर्यंत सगळं ठीक होतं. गुडघाभर पाणी, तळाचे खेकडे दिसत होते. मग होडी वाळूत बसली. अण्णानं उतरून ढकलली, पुन्हा बसली. शेवटी त्यानं ती समुद्राच्या बाजूच्या खोल धारेत घातली, आणि तेवढ्यात मागून डोंगराकडून काळं आभाळ आलं. वारा आला तो नुसता आला नाही, थोबाडीत मारत आला. पाऊस खड्यांसारखा लागत होता. ओटीचं ताट उडालं, तांदूळ, हळकुंडं, खण, सगळं पाण्यात. होडी एका कडेवर उभी राहिल्यासारखी झाली.

"खाली बसा!" अण्णा ओरडला. "तळाला बसा, उभं राहू नका!"

ह्यांना कुणी खाली बस म्हटलेलं आवडायचं नाही. हे उठले, अण्णाच्या छातीत बुक्की मारली आणि बांबू ओढायला लागले. "दे इकडे! मारतोस आम्हाला!" दोघांची झटापट, होडी आडवी, आणि एक लाट अशी बसली की हे सरळ पाण्यात.

उपरणं त्यांनी कमरेला करकचून बांधलं होतं. माझा पदर डोक्यावरून घेऊन गळ्याभोवती आला होता. हे पडले तसा तो फास बसला. मी होडीच्या कडेवर आपटले, बरगडीत कळ गेली, अर्धी बाहेर लोंबकळत होते. धार त्यांना समुद्राकडे ओढत होती आणि ते मला. डोळ्यांपुढे लाल झालं. श्वास आत जाईना.

अण्णाला बांबू सोडता येत नव्हता, सोडला असता तर तिघंही गेलो असतो. "अक्का, कोयता!" तो किंचाळला. "फळीखाली! काप!"

पाण्यातून ह्यांचं डोकं वर आलं. आणि काय ओरडले? "वाचव" नाही. "गाठ कापायची नाही! खबरदार कापलीस तर!"

कोयता माझ्या हाताला लागला. एक क्षण पोरीचा चेहरा आला समोर, खोटं नाही बोलत. मग मी कापलं. पहिल्या घावाला पदराची जरीची कड तुटली नाही, दुसऱ्याला तुटली. श्वास आत आला आणि हे वाहून गेले.

मी मारलं त्यांना, असंच वाटलं मला. ओरडायला आवाज नव्हता. अण्णानं होडी तिरकी घातली, बांबू लांबवला, आणि ह्यांच्या हाताला लागला कसाबसा. ओढताना त्यांची बोटं कडेवर चेचली. वर आले ते चिखलानं माखलेले, ओकत होते. जिवंत. मी मनातल्या मनात देवीला हात जोडले. त्यांनी माझ्या हातातलं पदराचं तुटकं टोक बघितलं, आणि तशा हालतीत, त्या पावसात, हात उगारला.

कोयता अजून माझ्या उजव्या हातात होता. मी तो उचलला नाही. खालीही ठेवला नाही.

"बसा," मी म्हटलं. घसा सोलून निघाला होता, आवाज कावळ्यासारखा. "तळाला बसा. अण्णा सांगतायत ना."

हे बसले.

बेटावर मी एकटीनं देवीपुढे ओंजळभर पाणी घातलं, ओटीला काही उरलंच नव्हतं. वारा पडल्यावर परत निघताना मी होडीत चढले नाही. "तुम्ही पुढे जा. मी दुसऱ्या खेपेला येते."

"एकटी?"

"अण्णा आहेत."

 गेले. मी तासभर त्या काठावर ओली बसले. पुजाऱ्याच्या बायकोनं गरम पेज दिली, ती गिळवत नव्हती, तरी सगळी संपवली. इतकं निवांत मी लग्न झाल्यापासून बसले नव्हते.

बेंगळूरच्या बसमध्ये हे माझ्या शेजारी येऊन बसले. मग म्हणाले, "पदर दाखव." दुकानदाराची बोटं, त्यांनी कापलेली कड चाचपली. "रफू होणार नाही. पुढच्या वेळी, धाकटीच्या, साधं काही नेस."

"पुढच्या वेळी गाठ नाही," मी म्हटलं. "तुमच्या आईंना घरी मी सांगेन. हातही नाही. तेही मीच सांगेन."

त्यांनी खिडकीबाहेर तोंड केलं. घाट येईपर्यंत पदराचं टोक मात्र त्यांच्याच मांडीवर होतं. मी ते ओढून घेतलं आणि कमरेला खोचलं.