जायफळाची कॉफी

कॉफीवर साय धरू लागली, तरी मी कप उचलला नाही. सासूबाईंनी जायफळ किसून घातलं होतं. याच घरात वीस वर्षांपूर्वी बँकेत असलेल्या थोरल्या जावयाला कॉफी मिळाली होती आणि हातगाडीवर कपबशा विकणाऱ्या मला चहा. आज माझं दोन मजली दुकान आहे. गिऱ्हाइकाच्या चपलेवरून मी त्याचा खिसा ओळखतो, आणि अपमान विसरत नाही.

“मला चहाच चालतो,” मी फटकन म्हणालो.

“अजून राग आहे का, जावईबापू?” त्या हसल्या. “तेव्हा दूध पावशेरच यायचं हो. कॉफी एकाचीच व्हायची. थोरल्या जावयांपुढे उणं दिसायला नको वाटायचं. तुम्ही घरचे, म्हणून आमच्यातलाच चहा दिला.”

इतकी वर्षं मी त्या कपात माझी किंमत शोधत होतो. त्यांचं दुधाचं पातेलं मला दिसलंच नव्हतं. एकदम हलकं वाटलं. चहा उभ्याउभ्या होतो, सौदाही होतो. कॉफीला बसावं लागतं. मी निम्मी कॉफी बशीत ओतून त्यांच्यापुढे सरकवली. त्या टेकल्या.

“खरं सांगा, तो चहा कसा झाला होता?”

“पाणचट,” मी म्हणालो, आणि आम्ही दोघंही हसत सुटलो.