स्कूटरच्या मीटरप्रमाणे

खडकी ते वारजे चालायला मी तयार झाले ती एका मशीनसाठी. फसवून आणलेल्या, राबवून घेतलेल्या बायकांसाठी वारज्यात एक संस्था आहे. तिथे मी शिवण शिकवते. तिथल्या बायकांना एका शाळेच्या गणवेशांचं काम मिळत होतं, पण कापडाच्या कडा पक्क्या करणारं ओव्हरलॉक मशीन असेल तरच. मशीन आणायला शाळेने सोमवारपर्यंतची मुदत दिली होती. म्हणून रविवारी चालायचं आणि ओळखीच्यांनी किलोमीटरमागे जमेल ते द्यायचं, असं ठरलं. सगळ्यांनी कबूल केलेलं धरूनही पाच हजार कमी पडत होते. विचारायचे राहिलेले एकच होते, आमच्या खालच्या मजल्यावरचे काका.

"तुम्ही चालणार?" काका म्हणाले. "अहो, तुम्ही कोपऱ्यावर दूध आणायला गाडी काढता."

"म्हणजे तुम्हाला स्वस्तातच पडेल की."

"किलोमीटरला दोनशे देतो. पण मोजणार मी, माझ्या स्कूटरच्या मीटरवर. तोच आकडा अंतिम."

"लिहून द्या."

दिलं, सहीसकट. नकाशावर अंतर अठरा किलोमीटर होतं. म्हणजे काका छत्तीसशे देणार. उरलेले चौदाशे कोणाच्या गळ्यात मारायचे, याचा विचार करतच मी सकाळी खडकीहून निघाले.

बरोबर संस्थेतली अमरावतीकडची एक बाई होती. घरकामाला म्हणून पुण्यात आणून तिला एका फ्लॅटमध्ये दीड वर्ष बिनपगारी कोंडून ठेवलं होतं. गणवेशांचं काम मिळालं की ती स्वतःची खोली घेणार होती. ती बोलत चालायची, मी धापा टाकत. दोघींच्या डोक्यावर संस्थेने दिलेल्या पोपटी टोप्या.

आमच्या वेगाने चालवलं की काकांची स्कूटर बंद पडायची. म्हणून ते पुढे जायचे, आम्ही दिसलो नाही की संशय येऊन परत फिरायचे. पेठांमध्ये एकेरी रस्ते लागले. आम्ही सरळ चालत राहिलो. काकांना प्रत्येक वेळी तीन गल्ल्यांचा वळसा.

स्वारगेटला आम्ही उसाचा रस प्यायला थांबलो. तेवढ्यात समोरून काका स्कूटर पिटाळत गेले. त्यांच्या पुढे एक रिक्षा, आणि रिक्षात दोन पोपटी टोप्या.

"ताई, काका त्या रिक्षाच्या मांगं काऊन पळून राह्यले?"

"त्यांना वाटतंय, आत आपण आहोत."

"मंग हाक मारू का?"

"आधी रस संपव," मी म्हणाले.

काका उगवले ते थेट कर्वेनगरला. चेहरा लालबुंद. "बिबवेवाडीपर्यंत गेलो! लग्नाच्या बँडमधले होते ते दोघं! ढोलकं घेऊन बसले होते!"

"मग वाजवून तरी घ्यायचं," मी म्हणाले.

संस्थेच्या दारात पोचलो तेव्हा माझे पाय माझे राहिले नव्हते. काकांनी खिशातून चिठ्ठी काढली, सकाळचा आकडा बघितला, मीटर बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"किती झाले?"

"सत्तावीस," ते पुटपुटले. "पण त्यातले नऊ माझे आहेत."

मी त्यांचा कागद पर्समधून काढला आणि मोठ्याने वाचला. 'तोच आकडा अंतिम' हे दोनदा वाचलं.

"ही लबाडी आहे!"

"काका," ती शांतपणे म्हणाली, "आमी तं पायीच आलो. तुमाले कोनं म्हटलं होतं मांगं मांगं फिरा म्हणून?"

काकांनी चेक लिहिला, पावती मागितली, आणि पावतीवरचं स्वतःचं नाव दोनदा तपासलं. सोमवारी मशीन आलं. वरच्या चारशेंचा दोरा घेतला.

गणवेश दिले गेले, तिने खोली घेतली. नंतर महिन्याभराने काका संस्थेत हजर. बगलेत पडद्याचं कापड. "कडा मारायच्या आहेत. फुटाला काय घेता? मी घरून मोजून आणलंय, बत्तीस फूट."

तिने कापड टेबलावर पसरलं आणि गळ्यातली टेप काढली.

"माप माह्या टेपचं धरायचं, काका," ती म्हणाली. "आधी लिहून द्या."